घराण्याची गाडी

दसऱ्याच्या सकाळीं यवतमाळच्या कोणत्याहि आळींतून चक्कर टाकली, तर घरोघरच्या गाड्या धुऊन पुसून रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या दिसतात. झेंडूची माळ, हळदकुंकवाचीं बोटें, चाकाखालीं लिंबू आणि समोर फोडलेला नारळ. जेथें वडिलांची जुनी गाडी अजून अंगणांत आहे आणि मुलाची नवी तिच्या शेजारीं उभी आहे, तेथें पुष्कळदां दोहोंच्या तोंडावर एकाच कारखान्याचें चिन्ह आढळतें. असें कां, म्हणून विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: “आमच्या घराला हीच लाभते.” कुळाचार सांगावा त्या स्वरांत हें सांगितलें जातें, आणि पुढें कोणी वादहि घालीत नाहीं.

गाडी ही लोखंडाची वस्तु. ती कारखान्यांत हजारोंनीं तयार होते, आणि एका छापाची एक गाडी दुसरीसारखीच असते. मग ती एखाद्या घराला लाभते आणि शेजारच्या घराला लाभत नाहीं, याचा अर्थ काय? हंसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाहीं. घर आणि शेत सोडलें तर सामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी गाडीची असते, आणि शेतकऱ्याच्या घरीं ट्रॅक्टर घेतला जातो तेव्हां तर शेतहि त्या खरेदींत गुंतलेलें असतें.

ही रीत एकट्या वऱ्हाडची नव्हे. अमेरिकेंत १९६८ पासून हजारों कुटुंबांची पिढ्यान् पिढ्या एक पाहणी चाललेली आहे. तिच्यांतील माहितीवरून चार अर्थशास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. आईबापांनीं ज्या छापाची मोटार घेतली असेल त्याच छापाची मोटार मुलांनीं घेण्याचा संभव सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतो, असें त्यांस दिसून आलें. येथें एक शंका सहज येते. बाप आणि मुलगा एकाच गांवीं राहत असतील, त्यांची मिळकत सारखी असेल, गरजहि सारखी असेल. मग दोघांनीं एकच गाडी घेतली यांत नवल तें काय? निबंधकारांनीं ही शंका अनेक बाजूंनीं तपासून पाहिली, आणि परिस्थितीचें साम्य वजा घातल्यावरहि कांहीं तरी शिल्लक राहतें, असा निर्णय दिला. म्हणजे आवड खरोखरच वारशानें येते. मात्र ती कशाच्या द्वारें येते, हें आकड्यांपेक्षां यवतमाळसारख्या जिल्ह्यांत अधिक स्पष्टपणें पाहावयास मिळतें.

मोटार येण्यापूर्वींहि येथें ही निष्ठा होती. ती बैलांवर होती. माल वाहण्यास बंडी, आणि माणसांनीं गांवोगांव जाण्यास दमणी किंवा रेंगी. दमणीला जुंपावयाचा बैल हलक्या अंगाचा आणि चालीचा लागे, म्हणून वर्धा-नागपुराकडच्या पांढऱ्या गवळाऊ जातीला मान. नांगराला ओढीचा, भारी बैल लागे. ज्या घरीं एकदां एका जातीची जोडी चांगली निघाली, तें घर पुढें त्याच जातीच्या पाठीमागें जाई, आणि शक्य तर त्याच बाजारांत, त्याच ओळखीच्या विकणाराकडून नवी जोडी घेई. यांत भावनेचा भाग होता, पण हिशेबहि होता. त्या जातीचा बैल काय खातो, केव्हां अडतो, कोणत्या दुखण्याला बळी पडतो, हें घरांतल्या गड्याला आणि म्हाताऱ्याला ठाऊक असे. दुसरी जात घेणें म्हणजे तें सारें ज्ञान टाकून पुन्हां पहिल्यापासून शिकणें. अलीकडे कित्येक गांवीं पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या रांगेजवळ तोरण बांधलेला ट्रॅक्टरहि उभा दिसतो, तो कांहीं उगीच नव्हे.

मोटारीचें महत्त्व या जिल्ह्यांत इतरांपेक्षां अधिक कां, हें नकाशा पाहिला म्हणजे समजतें. मुंबई-नागपूरचा मोठा लोहमार्ग मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा असा जिल्ह्याच्या बाहेरून जातो. वणीला मोठी रेल्वे आहे, पण ती जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला. खुद्द यवतमाळला मूर्तिजापुराहून दारव्ह्यावरून येणारी अरुंद रुळांची आगगाडी तेवढी होती. लोक तिला लाडानें “शकुंतला” म्हणत. तीहि बंद पडली. वर्ध्याहून नांदेडकडे जाणारा नवा रुंद मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्यें कळंबपर्यंत पोंचला. तोंवर पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी, घाटंजी या सर्व गांवांना कापूस बाजारांत नेण्यास, रोगी नागपुरास पोंचविण्यास, वऱ्हाड आणण्यास, सडकेवांचून दुसरा आधार नव्हता. नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. एवढ्या वाटेवर गाडी बंद पडली, तर ती कोण उघडूं शकेल हा विचार गाडी घेण्यापूर्वींच करावा लागे.

पहिल्या मोटारी आल्या त्या कापसाच्या पैशावर. जिनिंग-प्रेसिंगचे मालक, सावकार, मोठे वकील, एखादे देशमुख, एवढेच त्यांचे गिऱ्हाईक. त्या काळीं गाड्या परदेशच्या, पण सुटे भाग आणून त्यांची जुळणी हिंदुस्थानांतच होऊं लागली होती. फोर्डनें १९२६ सालीं येथें कंपनी काढली, आणि जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस जुळणीचा कारखाना घातला. त्यामुळें फोर्ड आणि शेवरलेट हीं दोन नांवें बाजारांत रुळलीं. आपापल्या छापाचा अभिमान बाळगणारीं घराणींहि तयार झालीं. परंतु १९५३ सालीं सरकारनें धोरण ठरविलें कीं, ज्यांना गाडीचे भाग येथेंच बनविण्याचा कार्यक्रम नाहीं त्यांनीं तीन वर्षांत आवरतें घ्यावें. १९५४ च्या सुमारास दोन्ही अमेरिकन कंपन्या निघून गेल्या. ज्यांच्या घरीं “शेवरलेटशिवाय दुसरी नको” असें म्हटलें जात असे, त्यांना एका रात्रींत दुसरी पत्करावी लागली. घराण्यांच्या निष्ठेची ही पहिली परीक्षा होती, आणि तिच्यांत घराण्यांचा कांहीं दोष नव्हता.

त्यापुढचीं तीस वर्षें निष्ठेचीं म्हणून सांगितलीं जातात. तो मात्र भ्रम आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम क्रायस्लरच्या गाड्या आणि पुढें फियाट होऊं लागली. बंगालमध्यें उत्तरपाड्यास बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, मद्रासेस स्टँडर्ड. गाडी घ्यावयाची तर या तिघींतून. आणि तीहि नांव नोंदवून, पैसे अगोदर भरून, कित्येक वर्षें थांबल्यावर. ज्या दुकानांत एकच मिठाई आहे तेथें गिऱ्हाइकाच्या आवडीची चर्चा कशाला? वकील-डॉक्टरांच्या घरीं फियाट आणि कंत्राटदारांच्या घरीं अँबॅसडर, अशी वांटणी पडली खरी. पण ती पुष्कळशी लहान कुटुंब आणि मोठें कुटुंब, चांगली सडक आणि वाईट सडक, यांवरून पडली. कुर्ल्याच्या गाडीचें नांव १९७४ पासून “पद्मिनी” झालें, तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. कारखाना नांव बदलतो, गिऱ्हाईक बदलीत नाहीं.

दुचाकीची कथा याहून जवळची. बजाज हें नांव वर्ध्याचें. जमनालाल बजाज यांचें दत्तक घराणें वर्ध्यास कापसाचा व्यापार करणारें, आणि १९४५ सालीं निघालेल्या ज्या पेढीची पुढें बजाज ऑटो झाली तिचें मूळचें नांवहि त्यांचे आजोबा बच्छराज यांच्यावरून पडलेलें. कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस झाला, तरी यवतमाळकरांना तें नांव नदीपलीकडच्या शेजाऱ्याचें वाटे. १९७२ सालीं निघालेल्या चेतक स्कूटरसाठीं लोक वर्षानुवर्षें वाट पाहत. इतकी वाट पाहून आलेली वस्तु साहजिकच घरांतली व्यक्ति होऊन बसली. पुढच्या पायापाशीं उभें राहणारें मूल, मागें बसलेली आई, डिकींत भाजी. ज्यांचें बाळपण असें गेलें त्यांच्या मनांत त्या छापाविषयीं पक्षपात शिरला असल्यास तो तर्कानें निघणार नाहीं.

परंतु आठवण ही निष्ठेची केवळ वरची साल आहे. आंतला गाभा पाहावयाचा तर शोरूमपेक्षां मिस्त्रीच्या टपरीकडे गेलें पाहिजे. जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्याच्या गांवीं असे मिस्त्री आहेत कीं, ज्यांनीं सारें आयुष्य एकाच छापाच्या यंत्रावर घालविलें. असा मिस्त्री गाडी उघडण्यापूर्वीं ऐकतो. कोणत्या आवाजाला कोणता भाग जबाबदार, हें त्याच्या कानाला पाठ असतें. कोणता भाग मूळ कारखान्याचाच घालावा आणि कोणता बाजारांतला स्वस्त चालेल, हें तो सांगतो; आणि नागपूर-अमरावतीच्या दुकानदाराला त्याचा आवाज ओळखीचा असल्यानें एस्. टी.च्या गाडीवरून दुसऱ्या दिवशीं भाग हातांत पडतो. त्याचा मुलगाहि त्याच टपरीवर पाने पुसत शिकतो. अशा रीतीनें एका बाजूला गाडीवाल्याचें घराणें आणि दुसऱ्या बाजूला मिस्त्रीचें घराणें, अशीं दोन घराणीं एकमेकांशीं बांधलीं जातात. छाप हा त्या दोहोंतील करार होय. मालक म्हणतो कीं आपला विश्वास कंपनीवर आहे. वस्तुतः त्याचा विश्वास वडिलांच्या वेळेपासून घरीं येणाऱ्या मिस्त्रीवर असतो.

यांत हातांच्या संवयीचीहि भर पडते. फियाट आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांचा गिअर पुष्कळ वर्षें पायापाशीं नव्हता, तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. त्यावर शिकलेल्या हाताला दुसरी गाडी परकी लागे. क्लचवर पाय किती दाबावा, ब्रेक कोठें धरतो, घाटांत यंत्र केव्हां धापा टाकूं लागतें, हें मुलाला बापाच्या शेजारीं बसून कळतें. तें कोणी शिकविलें असें त्याला वाटत नाहीं. ती गाडी “सोपी” आहे असें मात्र वाटतें. आणि जुनी गाडी विकतांना ज्या छापाचे मिस्त्री अधिक, त्याच छापाला गिऱ्हाईक अधिक. म्हणजे एकाची निष्ठा दुसऱ्याच्या निष्ठेची किंमत वाढविते.

ट्रॅक्टरापाशीं आल्यावर हा सारा विषय गंभीर होतो. महिंद्र कंपनीनें १९६३ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारींत ट्रॅक्टर काढले. हरियाणांत पिंजोरला सरकारी एच्. एम्. टी.नें १९७१ पासून, आणि पंजाबांत स्वराजनें १९७४ पासून. यवतमाळच्या काळ्या मातींत हे सर्व छाप आले. बहुतेक शेतकऱ्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर नसतो. ज्याचा असतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचें काम किरायानें करतो. मृगाचा पाऊस पडला, जमिनीला वाफसा आला, कीं पेरणीला हातांत थोडेच दिवस असतात. काळी जमीन फार ओली असतां चाक रुततें आणि वाळली कीं तिचीं ढेकळें होतात. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर एका लहानशा भागासाठीं उभा राहिला, तर एकट्या मालकाचें नव्हे, दहा घरांचें नुकसान होतें. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो आणि सात-बाऱ्यावर बँकेचा बोजा चढलेला असतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्या जिल्ह्याचें नांव गेल्या पंचवीस वर्षांत देशभर झालें, तेथें बोजा या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाहीं.

अशा वेळीं “वडिलांनीं जो घेतला तोच घेऊं” हें म्हणणें आळसाचें नसतें. तो एक प्रकारचा विमा आहे. नवा छाप कदाचित् डिझेल कमी पीत असेल, त्याची ओढहि अधिक असेल. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत त्याचा भाग गांवांत मिळेल कीं नाहीं, हें माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. जुन्या छापाचे दोषहि ठाऊक असतात, आणि ठाऊक असलेला दोष अर्धा दुरुस्त झालेलाच असतो. शहरांतला मनुष्य ज्याला अंधश्रद्धा म्हणेल तें येथें अनुभवाचें गणित आहे.

परंतु गणित विसरलें जातें आणि उत्तर तेवढें पाठ राहतें, ही त्यांतली खोड. मिस्त्री म्हातारा झाला, त्याचा मुलगा पुण्याला नोकरीस गेला, भागांचें दुकान बंद झालें; तरी घरांत छापाचें नांव चालूच राहतें. त्या छापावांचून दुसरीकडे पाहावयाचेंच नाहीं असा निश्चय करून जो दुकानांत शिरतो, त्याच्याशीं दुकानदाराला घासाघीस करण्याचें कारण उरत नाहीं. वरील अमेरिकन निबंधांतहि याच तऱ्हेची चर्चा आहे: आज तरुण गिऱ्हाइकाला स्वस्तांत आपलेंसें केलें तर उद्यां त्याच्या मुलांकडूनहि मिळकत होईल, हा विचार कारखान्यांना भाव ठरवितांना उपयोगी पडूं शकतो. निष्ठेचा वारसा मुलाला मिळतो, त्याचें व्याज कारखाना खातो.

आणि ही निष्ठा एकतर्फी आहे, हें इतिहासानें पुनःपुन्हां दाखविलें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुतीची पहिली गाडी दिल्लीस गिऱ्हाइकाच्या हातीं आली, आणि १९९३ मध्यें मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन सुटलें. निवड मिळतांच फियाट-अँबॅसडरचीं पुष्कळ “निष्ठावंत” घरें एका दशकांत पांगलीं. टंचाईनें बांधलेली गांठ ती. टंचाई सरतांच सुटली. पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद झाली आणि अँबॅसडर मे २०१४ मध्यें. एच्. एम्. टी.चा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला, तेव्हां ज्यांच्या शेतांत ते ट्रॅक्टर चालत होते त्यांना कोणी विचारलें नाहीं. सर्वांत चमत्कारिक नशीब शेवरलेट आणि फोर्ड यांच्या चाहत्यांचें. १९५४ च्या सुमारास गेलेल्या या कंपन्या १९९० नंतर परत आल्या. आजोबांच्या गाडीचें नांव पुन्हां दिसलें म्हणून ज्या नातवांनीं हौसेनें ती घेतली असेल, त्यांच्या डोळ्यांदेखत शेवरलेटनें २०१७ मध्यें येथील विक्री थांबविली, आणि फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें आपले कारखाने आवरत असल्याचें जाहीर केलें. एकाच घराण्याला एकाच छापानें दोनदां सोडून जाणें, हा योग विरळाच म्हणावयाचा. ऑस्ट्रेलियांत तर होल्डन आणि फोर्ड असे दोन पंथच पडले होते, आणि त्यांचा झगडा दरवर्षीं मोटारींच्या शर्यतींत चाले. तेथेंहि फोर्डनें २०१६ त आणि होल्डननें २०१७ त गाड्या बनविणें सोडलें, आणि पुढें होल्डनचें नांवहि पुसलें गेलें.

मारुती आणि महिंद्र यांच्याभोंवतीं आतां जीं नवीं घराणीं दिसतात, तीं मात्र अगदींच भोळीं नाहींत. तालुक्याच्या गांवापर्यंत सर्व्हिसची सोय, कोपऱ्यावरच्या दुकानांत भाग, आणि जुन्या गाडीला मिळणारी किंमत, हीं त्यांच्या निष्ठेचीं कारणें तीं बिनदिक्कत सांगतात. शिवाय घरांत निवड करणारा आतां एकटा कर्ता पुरुष राहिलेला नाहीं. स्कूटरवर कॉलेजांत जाणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरीं जाते, तेव्हां माहेरचा छापहि बरोबर नेते; कांहीं घरीं सासऱ्याच्या मोटारसायकलीपेक्षां सुनेच्या स्कूटरनेंच पुढची परंपरा सुरू केलेली आढळेल. या विषयाच्या चर्चेंत बाप आणि मुलगा यांचेंच नांव घेण्याची रूढि आहे, ती बरोबर नव्हे.

आतां विजेच्या गाड्या येऊं लागल्या आहेत. चेतक हें नांव बजाजनें जानेवारी २०२० मध्यें विजेच्या स्कूटरला दिलें. नांव तेंच, ठेवणहि थोडीफार तीच. पण ना कार्ब्युरेटर, ना प्लग, ना किक. ज्या मिस्त्रीनें तीस वर्षें जुन्या चेतकाचा प्लग काढून काळोखी पाहून रोग सांगितला, तो नव्या चेतकाचें झांकण उघडतो तेव्हां त्याला आंत एक बंद पेटी आणि कांहीं वायरी दिसतात. ती पेटी उघडण्याचा त्याला अधिकार नाहीं. त्यासाठीं कंपनीचा मनुष्य संगणक घेऊन येतो. नांव ओळखून एखादा जुना गिऱ्हाईक वडिलांच्या त्याच मिस्त्रीकडे ती गाडी घेऊन जातो. मिस्त्री तिच्याभोंवतीं एक फेरी मारतो, चाकांत हवा भरून देतो, आणि पैसे घेत नाहीं.